एका व्हायोलेटच्या अनेक जाती कशा होतात?

श्रावणात मुगाच्या रानातून चालताना बांधाच्या कडेला, मुरमाड जागी, वीतभर उंचीचं एक रोप दिसतं. पानं अरुंद, देठ जवळजवळ नाहीच. पानाच्या बगलेतून दोऱ्यासारखी बारीक दांडी निघते आणि तिच्या टोकाला गुलाबी-जांभळी पाकळी लोंबते. एकच पाकळी, तळाशी चिमटलेली आणि पुढे फावड्यासारखी पसरलेली. वाकून नीट पाहिलं तर तिच्यामागे आणखी चार पाकळ्या असतात, पण त्या तांदळाच्या कणीएवढ्या. हे रतनपुरुष. गुरं राखणाऱ्याला आणि काष्ठौषधी विकणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं, बाकीचे तुडवून पुढे जातात.

या रोपाला १७५३ साली स्वीडनचे वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियस यांनी जे नाव दिलं त्याचा पहिला शब्द होता व्हायोला. थंडीत रोपवाटिकेत कुंड्यांमधून विकायला येणारी पॅन्सी, हिमालयातला बनफ्शा आणि अमेरिकेतलं जंगली निळं व्हायोलेट हे सगळे ज्या गटातले, त्याच गटात आपलं बांधावरचं रोप घातलं गेलं होतं. पुढे ते तिथून बाहेर काढलं, मग आणखी काही वेळा हलवलं.

अलीकडे अशा बातम्या वारंवार वाचायला मिळतात. आफ्रिकी हत्ती एक नव्हे, दोन जातींचा. जिराफ एक नव्हे, चार जातींचा. अमुक रानफुलाच्या एका जातीच्या अनेक जाती झाल्या. वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की जंगलात तर काहीच बदललं नाही, मग कागदावर ही वाटणी कोणी आणि कशाच्या आधारावर केली? व्हायोलेटचं उदाहरण घेऊन हे नीट समजतं, कारण या प्रश्नातल्या साऱ्या अडचणी या एका फुलात एकत्र आल्या आहेत.

आधी शब्द लावून घेऊ

शाळेच्या पुस्तकातली उतरंड आठवा: कुल, प्रजाती, जाती. वर्तमानपत्रं जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. या लेखात शाळेच्या पुस्तकातलाच अर्थ घेऊ. व्हायोला ही प्रजाती, म्हणजे भावकी. तिच्यातलं एकेक घर म्हणजे जाती. २०२२ मध्ये या भावकीची जगभरची नवी मांडणी झाली, तेव्हा तिच्यात साडेसहाशेहून अधिक घरं मोजली गेली.

मग घर वेगळं कधी मानायचं? लातूरकडची देवणी आणि नांदेडकडची लाल कंधारी या दोन गायी रंगाने, बांध्याने लांबूनही वेगळ्या ओळखू येतात. पण त्यांचा संकर सहज होतो आणि कालवड पुढे बिनअडचण विते. म्हणून देवणी आणि कंधारी या जाती नव्हेत; ते एकाच जातीतले दोन वाण. माळेगावच्या यात्रेत घोडे आणि गाढवं दोन्ही विकायला येतात. त्यांचाही संकर होतो आणि खेचर जन्मतं. पण घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराच्या वाट्याला ६३ येतात. त्यांची जोडी लागत नाही आणि खेचर सहसा वांझ राहतं. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती.

जनावरांत ही कसोटी बऱ्यापैकी चालते. वनस्पतींत ती पुरत नाही. वनस्पती नात्याबाहेर सहज संकर करतात, काही स्वतःच्याच परागावर बी धरतात, काहींत गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट होतो. त्यामुळे वनस्पतीत जाती ठरवताना एकाच कसोटीवर विसंबत नाहीत. तीन-चार वेगवेगळ्या बाजूंनी आलेले पुरावे एकाच रेषेवर पडतात का, हे पाहतात.

हे व्हायोलेट नेमकं कोणतं?

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, झाडाखाली, हिरवळीवर, नदीकाठी एक निळं-जांभळं व्हायोलेट सगळीकडे दिसतं. त्याला जमिनीवर खोड नसतं. पानं आणि फुलं सरळ जमिनीतल्या गड्ड्यासारख्या मुळखोडातून वर येतात. इलिनॉय, विस्कॉन्सिन, ऱ्होड आयलंड आणि न्यू जर्सी या चार राज्यांचं राज्यपुष्प व्हायोलेट आहे, जसं आपलं ताम्हण. यातल्या सर्वांत परिचित जातीला बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख कार्ल लुडविग विल्डेनो यांनी १८०६ साली नाव दिलं, व्हायोला सोरोरिया. सोरोरिया म्हणजे बहिणीसारखी. इतरांशी तिचं साम्य इतकं आहे की नावातच ते आलं.

पुढची दोनशे वर्षं या बहिणींची मोजदाद करण्यात गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला एडवर्ड ली ग्रीन यांच्यासारख्या अभ्यासकांनी थोडा फरक दिसला की नवी जाती नोंदवली. नावांचा डोंगर झाला. मग उलटा झोका आला. १९९२ साली या खोड नसलेल्या निळ्या व्हायोलेटची सबंध फेरतपासणी झाली आणि यातली बरीच नावं सोरोरियाच्या पोटात, तिचे प्रकार म्हणून, टाकली गेली. आणि २०२३ मध्ये ईशान्य अमेरिका व लगतच्या कॅनडातल्या व्हायोलेटची जी मांडणी प्रसिद्ध झाली, तिच्यात पोटात टाकलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला.

वेगळं, एकत्र, पुन्हा वेगळं. हे धरसोडीचं वाटेल. पण तिन्ही वेळा पुरावा सारखा नव्हता, आणि त्या पुराव्यात पाहण्यासारखं खूप आहे.

एकाच रोपाला दोन तऱ्हेची फुलं

वसंतात या व्हायोलेटला जांभळी, उघडी, पाच पाकळ्यांची फुलं येतात. फोटो याच फुलांचे काढले जातात. आणि नेमकी हीच फुलं जाती ओळखायला अनेकदा कुचकामी ठरतात, कारण सगळ्या बहिणींची फुलं जवळपास सारखी.

फुलांचा बहर ओसरला की, उन्हाळ्यात, त्याच रोपाला दुसरी फुलं लागतात. ती कधी उघडतच नाहीत. पाकळ्या जवळपास नसतातच. हिरव्या कळीसारखी ती पानांखाली, कित्येकदा पाचोळ्यात किंवा मातीत अर्धी दडलेली असतात. आतल्या आत परागकण स्त्रीकेसरावर पडतात, फळ धरतं, बी तयार होतं. मधमाशीची गरजच नाही. यांना मिटफुलं म्हणू.

जाती ओळखण्याच्या खुणा या मिटफुलांत आणि त्यांच्या बोंडांत आहेत. बोंडाची दांडी जमिनीला टेकलेली आहे की ताठ उभी? बोंड निव्वळ हिरवं की त्यावर जांभळे ठिपके? बियांचा रंग कोणता? निदलाच्या, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या दलाच्या, मागच्या बाजूला कानाच्या पाळीसारखा जो भाग असतो तो आखूड की लांब? निदलाच्या कडेला केस आहेत का? पाणथळ जागी वाढणारं कुकुलाटा व्हायोलेट यात चांगला धडा देतं. त्याच्या मिटफुलांच्या दांड्या ताठ असतात आणि निदलाच्या पाळ्या लांब. शिवाय उघड्या फुलाच्या बाजूच्या पाकळ्यांवरचे केस दहा पट भिंगाखाली पाहिले तर टोकाला फुगलेले, काडेपेटीच्या काडीसारखे दिसतात. सोरोरियाचे केस तसे नसतात, ते टोकापर्यंत बारीक असतात.

आता चूक कुठे होते ते पाहा. संग्रहालयांतले बहुतेक वाळवलेले नमुने वसंतातले, फुलं सुंदर असताना गोळा केलेले. मिटफुलांची बोंडं त्यांच्यावर नाहीत. केवळ अशा नमुन्यांवर काम केलं की सगळ्या बहिणी एकसारख्या दिसतात आणि त्या एकत्र करण्याकडे कल जातो. कपाशीचे दोन वाण पातं लागतानाच पाहून गेलात आणि बोंड फुटताना शेतात पाऊल टाकलं नाही, तर फरक कळणार कसा?

मिटफुलांनी आणखी एक घोळ घातला. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर बी धरल्याने एका जागची सगळी रोपं एकमेकांची हुबेहूब नक्कल होतात. शेजारच्या ओढ्याकाठचा समूह तसाच एकजिनसी, पण जरासा वेगळा. पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी दोन पक्क्या जाती दिसतात. ग्रीन यांच्या काळातली कितीतरी नावं अशा समूहांना पडली असावीत. म्हणून आजचा नियम असा, की दोन जागा पुरत नाहीत. अनेक जागा, अनेक रोपं, आणि वर्षातून किमान दोन वेळा पाहणी हवी: एकदा उघड्या फुलांची, एकदा पिकत्या बोंडांची.

फरक जमिनीचा की रक्ताचा?

हा आक्षेप शेतकरी पहिल्यांदा घेईल, आणि तो अगदी रास्त आहे. एकाच पिशवीतली तूर काळ्या कसदार रानात डोक्याएवढी होते आणि माळरानाच्या हलक्या जमिनीत कमरेपर्यंत. म्हणून काय त्या दोन तुरी झाल्या? व्हायोलेटचंही तसंच. सावलीत पान मोठं आणि पातळ, उन्हात लहान. वसंतातलं पहिलं पान आणि उन्हाळ्यातलं पान एकाच रोपावर वेगळ्या आकाराचं.

याची तपासणी सोपी आहे, फक्त वेळखाऊ. वेगवेगळ्या ठिकाणची रोपं आणून एकाच वाफ्यात, एकाच मातीत, सारख्या पाण्यावर लावायची आणि दोन-तीन वर्षं सांभाळायची. जुनी पानं गळून नव्या मातीतली पानं आल्यावरच मोजमाप करायचं. जो फरक वाफ्यात नाहीसा झाला तो जमिनीचा होता. पानावरची लव, बोंडावरचे ठिपके, दांडीची ठेवण असं जे टिकलं, ते रक्तातलं. पुढची पायरी म्हणजे बी पेरून मुलं-नातवंडंही तशीच निघतात का ते पाहणं.

हे काम व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा ब्रेनर्ड यांनी चिकाटीने केलं. १९०८ मध्ये अध्यक्षपद सोडल्यावर ते पूर्णपणे व्हायोलेटमागे लागले. रानातली रोपं बागेत लावायची, मिटफुलांच्या बोंडातलं बी धरायचं, पेरायचं, संतती तपासायची. मेंडेलचे वाटाण्यावरून काढलेले आनुवंशिकतेचे नियम जगापुढे पुन्हा येऊन तेव्हा जेमतेम दशक होत होतं.

संकर होतात, मग एकच जाती का म्हणू नये?

ब्रेनर्ड यांच्या वाफ्यांनी याचं उत्तर दिलं. रानात बुचकळ्यात टाकणारी कितीतरी रोपं दोन जातींचा संकर होती. अशा रोपाच्या बोंडात पुष्कळ बीजांडं पोचट राहतात. थोडं बी धरतं, आणि ते पेरलं की संतती एकसारखी निघत नाही: काही रोपं आजीकडे झुकतात, काही आजोबांकडे, काही मधेच. शुद्ध जातीचं बी पेरलं की मात्र सगळी आईसारखी.

थोडक्यात, संकर होतो हा दोन जाती एक असल्याचा पुरावा नव्हे. संकराची संतती जोमाने वाढून दोन्हींमधली सीमा पुसून टाकते का, हा खरा प्रश्न. व्हायोलेटमध्ये संकर बहुधा दोन जातींच्या हद्दीवर, किंवा माणसाने जागा उकरलेली असेल तिथे सापडतात. आपापल्या मूळ जागी, म्हणजे एक दलदलीत आणि दुसरी कोरड्या उतारावर, दोन्ही जाती शाबूत राहतात. बांधावरच्या चार ओळींत दोन वाणांची सरमिसळ झाली म्हणून दोन्ही शेतांतलं पीक एक होत नाही.

डीएनए काढला की झालं, असं का नाही?

माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. या निळ्या व्हायोलेटच्या पेशीत ५४ गुणसूत्रं आहेत आणि त्यांत मूळ संचाच्या दहा प्रती आहेत. लाखो वर्षांपूर्वी वेगवेगळ्या पूर्वजांचे संकर झाले, त्यांचे संच दुप्पट झाले, आणि एकावर एक असे संच साठत गेले.

जात्यावरच्या ओव्यांच्या पाच घरांतल्या पाच वह्या एकत्र शिवून एक बाड केलं आहे, असं समजा. तीच ओवी पाच ठिकाणी, प्रत्येकीत दोन-चार शब्द वेगळे. आता अशी दोन बाडं शेजारी ठेवून विचारलं की ही एकाच गावची का? एका बाडातली तिसऱ्या वहीची ओवी दुसऱ्यातल्या चौथ्या वहीशी लावली, तर खोटाच फरक दिसेल. आधी कोणती ओळ कोणत्या वहीची ते लावावं लागतं. एखाद-दुसरा जनुक वाचून केलेली झटपट ओळख इथे म्हणूनच फसते. जनुकसंचातल्या हजारो जागा एकत्र तपासाव्या लागतात.

दुसरी फसगत हरितलवकाच्या, म्हणजे पानाला हिरवेपणा देणाऱ्या पेशीतल्या कणाच्या, डीएनएची. बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो फक्त आईकडून येतो. संकराच्या रोपाचा हरितलवक वाचला तर आजोळ कळतं, बाप कळत नाही. संकर झाल्यानंतर संतती वारंवार एकाच जातीशी जुळत गेली तर रोप दिसतं एका जातीसारखं आणि हरितलवक राहतो दुसरीचा. डीएनए साक्षीदार चांगला आहे, पण तो एकटा न्यायाधीश नव्हे. बोंड, केस, जागा, बियांची संतती आणि डीएनए या पाचांचं एकमत झालं तर वाटणी पक्की. डीएनए एक सांगतो आणि बोंड दुसरं, असं झालं की आणखी नमुने गोळा करायचे आणि थांबायचं.

वाटणीनंतर जुनं नाव कोणाकडे?

एकत्र कुटुंब विभक्त होतं तेव्हा जमीन, विहीर, बैल वाटले जातात. देव्हाऱ्यातले टाक मात्र वाटले जात नाहीत. ते एका घरी राहतात आणि ते मूळ घर मानलं जातं. बाकीचे नवे टाक घडवतात.

वनस्पतीच्या नावाचे असेच टाक असतात. नाव देताना ज्या वाळवलेल्या नमुन्यावर किंवा चित्रावर ते बेतलं, त्याला नामाधार म्हणू. १९५८ पासून नामाधार सांगितल्याशिवाय नव्या वनस्पतीचं नाव ग्राह्यच धरत नाहीत. त्याआधीच्या नावांसाठी तो मागाहून ठरवला जातो. जाती फुटली की जुनं नाव त्या तुकड्याकडे जातं, ज्यात नामाधार मोडतो. तो तुकडा सगळ्यांत लहान असो की दुर्मीळ, नाव त्याचंच. सोरोरिया हे नाव विल्डेनो यांनी वर्णन केलेल्या रोपाशी बांधलेलं आहे. इतर बहिणी वेगळ्या झाल्या तर त्यांना ते वापरता येत नाही.

त्यांना नवी नावं शोधावी लागतात का? बहुतेकदा नाही. आधी कोणी तरी त्यांना नाव दिलेलंच असतं, आणि १७५३ नंतर रीतसर प्रसिद्ध झालेल्या नावांपैकी सर्वांत जुनं नाव उचलावं असा नियम आहे. नदीकाठच्या गाळात वाढणारं, त्रिकोणी पानांचं मिसुरिएन्सिस व्हायोलेट ग्रीन यांनी १९०० मध्येच नोंदवलं होतं. म्हणून ‘नव्या जाती सापडल्या’ या मथळ्याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘जुन्या जातींना आपलं नाव परत मिळालं’ असा असतो.

रतनपुरुषाचे फेरफार

आता आपल्या बांधावर येऊ. लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं व्हायोला एनिआस्पर्मा. एनिआस्पर्मा म्हणजे नऊ बियांची. त्याच वर्षी त्याने व्हायोला सफ्रुटिकोसा असंही एक नाव दिलं. पुढे दोन्ही एकच ठरली आणि दुसरं पहिल्यात विलीन झालं. फुलाची ठेवण व्हायोलेटपेक्षा वेगळी म्हणून रोप आयोनिडियम प्रजातीत गेलं. १८७६ पासून ते हायबॅन्थस झालं आणि आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत अजून तेच आहे.

प्रजाती बदलली तरी दुसरा शब्द टिकला, फक्त शेपूट बदललं: व्हायोलाबरोबर एनिआस्पर्मा, आयोनिडियमबरोबर एनिआस्पर्मम, हायबॅन्थसबरोबर एनिआस्पर्मस. काळी, काळं, काळा म्हणतो तसं. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं.

मग डीएनएच्या अभ्यासातून कळलं की हायबॅन्थस म्हणून एकत्र बांधलेल्या अमेरिका, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या वनस्पती एका शाखेच्या नाहीतच. खालची पाकळी मोठी, एवढ्या खुणेवर त्या एकत्र आल्या होत्या. गावोगावी पाटील आहेत म्हणून सगळे पाटील एका भावकीचे नसतात, तसं. २०१५ मध्ये आफ्रिका-आशियातल्या शाखेसाठी अफ्रोहायबॅन्थस ही प्रजाती मांडली गेली. काही अभ्यासक मात्र ही शाखा ऑस्ट्रेलियातल्या पिजिआ या जुन्या नावाच्या प्रजातीत धरतात. म्हणून आज रतनपुरुष एका यादीत हायबॅन्थस, दुसरीत अफ्रोहायबॅन्थस, तिसरीत पिजिआ दिसेल. तिन्ही ठिकाणी रोप तेच.

जुनी पुस्तकं यामुळे रद्दी होत नाहीत. सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या नावाला कंस पडतो, ते पुसलं जात नाही. वारसा शोधायचा तर ती कंसातली नावंच उपयोगी पडतात. रतनपुरुषावरचं औषधी संशोधन शोधणाऱ्याने या सगळ्या नावांनी शोधलं पाहिजे. एकाच नावाने शोधलं तर दीडशे वर्षांचं काम हाती लागत नाही.

जाती उगाच वाढवल्या जातात का?

कधी कधी, हो. काही अभ्यासकांचा कल तोडण्याकडे असतो, काहींचा जोडण्याकडे. जाती वेगळी काढली की ती दुर्मीळ ठरते आणि संरक्षणाची मागणी करता येते, असा मोहही असतो. एका ठिकाणच्या पाच-दहा रोपांवर, एकाच हंगामात पाहून, पानाच्या लांबीसारख्या लवचीक खुणेवर जाती मांडली असेल तर शंका घ्यावीच. मधल्या मापाची रोपं सर्रास सापडतात का, हा पहिला प्रश्न विचारावा.

पण जोडण्याची चूकही तितकीच महाग पडते, हे मात्र कमी बोललं जातं. ती दिसत नाही, एवढाच फरक. एका नावाखाली चार जाती दडल्या तर त्यातली एक संपत आली तरी आकडा भरलेलाच दिसतो. माझ्या मते व्हायोलेटच्या बाबतीत १९९२ च्या जोडणीपेक्षा आताची तोडणी सत्याच्या जवळ आहे, कारण ती बोंडं आणि मिटफुलं पाहून झाली आहे.

याने फरक कोणाला पडतो?

आफ्रिकी हत्तीचं पाहा. एकच जाती मानली जायची तोवर तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात होता. मार्च २०२१ मध्ये दोन जाती स्वतंत्र तपासल्या गेल्या. गवताळ प्रदेशातला हत्ती ‘संकटग्रस्त’ ठरला आणि जंगलातला थेट ‘अतिसंकटग्रस्त’. गवताळ प्रदेशातल्या मोठ्या संख्येमागे जंगलातल्या हत्तीची घट झाकली गेली होती. नदी-तलावांच्या खडकाळ काठांवर वाढणारं नोव्ही-अँग्ली व्हायोलेट हिरवळीवरच्या सोरोरियात मोजलं, तर तेही असंच झाकलं जाईल.

फुलपाखरांनाही फरक पडतो. अमेरिकेतल्या रीगल फ्रिटिलरी या फुलपाखराच्या अळ्या व्हायोलेटवरच जगतात. कुरण पुन्हा उभं करताना भलत्याच व्हायोलेटचं, दलदलीतल्याचं, बी पेरलं तर कोरड्या माळावर ते तग धरणार नाही आणि अळी उपाशी राहील. आपल्याकडे नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेलं, सावकाश उडणारं टॉनी कोस्टर फुलपाखरू रतनपुरुषावर अंडी घालतं. त्याचं पूर्वीचं शास्त्रीय नावही अक्रीआ व्हायोली असं होतं. बांध तणनाशकाने साफ केला की या अळीचं एक खाद्य जातं.

आणि औषध. मराठवाड्यातल्या जुन्या अत्तारांच्या दुकानात खोकल्या-पडशाच्या काढ्यासाठी बनफ्शा मिळतो. पुस्तकी बनफ्शा म्हणजे व्हायोला ओडोराटा. पण भारतीय बाजारात त्या नावाखाली पिलोसा आणि कॅनेसेन्स या हिमालयी जातीही मोठ्या प्रमाणात विकल्या जातात. व्हायोलेटच्या कुलात सायक्लोटाइड नावाची, दोन्ही टोकं जुळून कडं झालेली छोटी प्रथिनं असतात आणि त्यांचा संच जातीगणिक वेगळा असतो. एका जातीवर झालेला प्रयोग दुसरीच्या पुडीला लागू धरता येत नाही, आणि वाळून चुरा झालेल्या मालात जाती डोळ्याने ओळखणं फार अवघड.

रतनपुरुषाची नोंद कशी घ्यायची

रतनपुरुष आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत पसरलेलं आहे आणि पानांची रुंदी, लव, फुलाचा रंग यांत बरंच बदलतं. इतका फरक दाखवणाऱ्या रोपाबाबत गावोगावच्या नोंदी मोलाच्या. अभयारण्यात, म्हणजे गौताळा किंवा नायगावसारख्या ठिकाणी, वनखात्याच्या परवानगीशिवाय काही तोडू नये. स्वतःच्या बांधावरही मोजकीच रोपं असतील तर फोटोवर भागवावं.

फोटो पाच हवेत: पट्टी शेजारी ठेवून सबंध रोप, पानाची खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने, आणि बोंड. खोडावरची लव दहा पट भिंगातून पाहून लिहून ठेवा. फुलाचा रंग तिथेच लिहा. वाळल्यावर जांभळा उडून तपकिरी होतो आणि मग कोणी सांगू शकत नाही. बी हवं असेल तर बोंड हिरवं असतानाच त्यावर पातळ मलमलची पिशवी बांधा. पिकल्यावर बोंडाची तीन शकलं होतात, वाळताना आकसतात आणि बी चिमटीतून निसटल्यासारखं दूर उडतं. एक दिवस उशीर झाला की रिकामं टरफल मिळतं. बी कागदी पुडीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवेने बुरशी येते.

नमुना वाळवायचा तर फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून, काही पानं उलटी ठेवून, दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबा. पावसाळ्यात पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावा लागतो. तो कंटाळा केला की पानं काळी पडतात. वाळला की २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाक्याने शिवा. उजव्या कोपऱ्यात गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, जमीन काळी की मुरमाड, आसपासचं पीक, गावातलं नाव हे शाईने लिहा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्र विभागात आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात असे नमुने सांभाळणारी संग्रहालयं आहेत.

शास्त्रीय नावाचा रकाना रिकामा राहिला तरी चालतो. जाणकार तपासून भरतात. पुढे आणखी कोणी वेगळं ठरवलं, तर आधीचं नाव खोडत नाहीत. शेजारी नवी चिठ्ठी डकवतात आणि तिच्यावर तपासणाऱ्याचं नाव व वर्ष घालतात. जुन्या नमुन्यांवर अशा तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या एकाखाली एक असतात.